एकोणीस वर्षांत एकही भेक नाही

ब्रॅकनशॉ, ६ नोव्हेंबर २०२२

ब्रायोनी,

पत्ता तुझ्या आयरीन मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस. ती आधी नाहीच म्हणत होती. मी तिच्या स्वयंपाकघरात दोन तास ठाण मांडून बसलो, तेव्हा कंटाळून लिहून दिला. तुझ्या आईला पोचवून आलो त्यानंतर नऊ वर्षांत आपण बोललो नाही, तेव्हा माझं अक्षर पाहून तुझ्या मनात पहिल्यांदा काय येईल ते मला कळतं. तसं काही नाही. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागच्या जागी आहे.

मला एक माहिती हवी आहे, आणि ती तुझ्या कामातली आहे. भेक किती वर्षं जगतो?

कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये संध्याकाळची ४१ नंबरची बस रद्द झाली. (चौतीस वर्षं मी ती चालवली, एकदाही रद्द होऊ दिली नाही, पण ते जाऊ दे.) गावातून टॉप फोल्डला, घराकडे, चालत निघालो. भुरभुर चालू होती, उजेड जेमतेम. विदिन्स लेनवर, गिरणीच्या तळ्याच्या अलीकडे, रस्ता हलताना दिसला. वाटलं, चष्म्यावर पाणी आलंय. चष्मा पुसला. रस्ता हलतच होता.

शेकडो होते, पोरी. लहानपणी तू मला दहादा सांगितलंस की ते बेडूक नव्हेत, भेक आहेत, खडबडीत पाठीचे. ते उड्या मारत नाहीत, चालतात. खरंच चालत होते. एक हात पुढे, मग दुसरा, सकाळी सपाता घालून दूध आत घ्यायला निघालेल्या म्हाताऱ्यांसारखे. कित्येक माद्यांच्या पाठीवर नर बसलेले. सगळे एकाच दिशेला, तळ्याकडे. एकानेही डावी-उजवीकडे पाहिलं नाही. त्यांच्या लेखी तो रस्ता नव्हताच. मी आयुष्यभर ती लेन लांबीने पाहिली. ती आडवी कशी दिसते ते त्या दिवशी कळलं. मी टोपी काढली. चर्चमध्ये काढतो तशी. मग तिच्यातूनच सोळा जणांना पलीकडे नेऊन सोडलं. टोपी अजून वास मारते.

तेव्हापासून दर वसंतात बादली घेऊन जातो. त्यांत एक मादी आहे, उजवा डोळा नसलेली. दोन्ही वर्षी तिला मीच उचललं. ती अजून किती वर्षं येईल, एवढंच विचारायचं होतं.

आणखी एक. मी नगरपालिकेत अर्ज टाकला आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून सहा आठवडे, अंधार पडल्यावर विदिन्स लेन वाहनांना बंद करावी. तीनशे बारा सह्या जमल्या. हा अर्ज तुला कुठेतरी वाचल्यासारखा वाटेल. तू तेरा वर्षांची असताना लिहिलेला मसुदा मी जवळजवळ तसाच उतरवला. तुझी वही आणि कागद तुझ्या खोलीतच होते.

त्या वेळच्या सुनावणीबद्दल आज लिहीत नाही.

— हेडली (तुझा बाप)


ब्रॅकनशॉ, १२ डिसेंबर २०२२

ब्रायोनी,

तुझं उत्तर आलं नाही, आणि यावं असा माझा काही हक्क नाही. तरी लिहितो. बोलायला दुसरं कोणी नाही असं नाही. ऑड्री थॉर्प बोलते, पण ती सध्या शत्रुपक्षात आहे.

ऑड्री तुला आठवेल, टॉप फोल्डच्या वरच्या टोकाची, घंटीइतक्या खणखणीत आवाजाची. ती आता ब्याऐंशीची आहे. तिचा नवरा वॉल्टर गावातल्या वृद्धाश्रमात असतो. ती रोज पाच-चाळीसच्या ४१ने जाते, त्याला आपल्या हाताने चहा-पाव भरवते आणि सात-दहाच्या बसने परत येते. तिच्याखेरीज दुसऱ्याच्या हातचं तो तोंडात घेत नाही. लेन बंद झाली तर संध्याकाळची बस बंद. दुसरा रस्ता नाही. म्हणून ऑड्रीने उलटा अर्ज टाकला: लेन बंद करू नये. तिला दोनशे नव्वद सह्या मिळाल्या.

गेल्या आठवड्यात नगरपालिकेतून समितीचं काम बघणाऱ्या शाहीन मलिकचा फोन आला. अतिशय सभ्य मुलगी.

"मिस्टर बूथरॉइड, एक छोटीशी अडचण आहे. तुमच्या आणि मिसेस थॉर्पच्या अर्जावर दोनशे सहा जण तेच आहेत."

"तेच म्हणजे?"

"त्यांनी दोन्हींवर सह्या केल्यात. लेन बंद करा म्हणून आणि करू नका म्हणून. मिसेस थॉर्पनी स्वतःसुद्धा तुमच्यावर केलीय."

मी ऑड्रीला विचारलं. ती म्हणाली, "मग काय करणार? तू भर पावसात दारात उभा होतास. तुला नाही म्हणायचं, म्हणजे घरात बोलवायला लागलं असतं." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "आणि तू रे? माझ्या कागदावर नऊ नंबरला कोणाची सही आहे?"

माझीच आहे. या गावात दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं जमतच नाही कोणाला. वाटतं, सही करून बला टळली.

पण लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. सुनावणीआधी रस्ते विभागाचा अहवाल येतो, तो आज आला. नऊ पानं. शेवटी शिफारस: 'अर्जाची नोंद घ्यावी.' तू तेव्हा लहान होतीस, पण तुला माहीत आहे त्याचा अर्थ. नोंद घेतली म्हणजे फडताळात ठेवला.

आणि सातवा परिच्छेद. तो जसाच्या तसा उतरवतो: 'या मागणीवर १४ मार्च २००२ रोजी विचार झाला होता. त्या सुनावणीत, या मार्गावर एकोणीस वर्षं सेवा केलेल्या एका बसचालकाने सांगितले की, त्याने लेनवर एकही भेक पाहिलेला नाही. सबब, मोठ्या प्रमाणावर स्थलांतर होते याला पुरावा नाही.'

एका बसचालकाने. नाव घातलेलं नाही. मी तो परिच्छेद उभ्यानेच वाचला, आणि मग जिन्याच्या पायरीवर बसलो.

तुझा बाप


ब्रॅकनशॉ, ८ जानेवारी २०२३

ब्रायोनी,

बुधवारी सुनावणी आहे. त्याआधी तुला सगळं सांगून टाकतो, म्हणजे तिथे तोंड उघडलं नाही तरी निदान एका माणसाला ठाऊक असेल.

तू तिथे होतीस, तेव्हा काय घडलं ते तुला सांगायला नको. तुझ्या आईने इस्त्री करून दिलेला शाळेचा झगा, हातात वही, खुर्चीवर पाय लोंबकळत होते. तू तीन मिनिटं बोललीस, एकदाही अडखळली नाहीस. मग अध्यक्षांनी प्रेक्षकांत बसलेल्या गणवेशातल्या माणसाला विचारलं, "तुम्ही तर रोज तिथून जाता. तुम्हाला दिसतात का हे भेक?" आणि मी उभा राहून म्हणालो, "नाही साहेब. एकोणीस वर्षांत एकही नाही." तू मागे वळून पाहिलंस. रडली नाहीस. घरी येईपर्यंत बसमध्ये माझ्याशेजारी बसलीस, आणि त्यानंतर माझ्याशेजारी कधीच बसली नाहीस.

आता तुला जे माहीत नाही ते.

ते मला दिसायचे. पहिल्यापासून दिसायचे. पहिल्या पत्रात रस्ता हलताना पाहिल्याचं लिहिलं, ते पायी पहिल्यांदा. काचेतून मी तो हरेक वसंतात पाहत होतो. दिव्याच्या झोतात ते थांबतात आणि मान वर करून बसतात, तेच वाईट. १९९१ पासून मी मोजत होतो. चाकाखाली मऊ काहीतरी आलं की हाताला कळतं. फेरी संपली की ड्यूटी कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला आकडा टाकायचो. कशासाठी, विचारू नकोस. मोजलं नाही तर ते मेलेच नाहीत असं होईल, असं काहीतरी वाटायचं. सत्तावीस वसंतांची कार्डं बिस्किटांच्या डब्यात आहेत. तुझ्या आईलाही दाखवली नव्हती.

मार्चमध्ये संध्याकाळची पाळी मी मागून घ्यायचो. तळ्यापाशी बस अगदी सावकाश न्यायचो. तरी मरायचे, पण कमी. त्यामुळे रोज चार मिनिटं उशीर. सुनावणीच्या आदल्या दिवशी मॅनेजरने बोलावून सांगितलं, "बूथरॉइड, ही चार मिनिटं मला परत दिसली तर संध्याकाळची फेरीच काढून टाकतो, आणि फेरीबरोबर तुला." त्या संध्याकाळी मी चार मिनिटं भरून काढायला निघालो. भुरभुर होती. वळणावर पिवळा रेनकोट दिसला. तू होतीस, टॉर्च आणि बादली घेऊन. तू हात केलास. स्टॉप नसताना बस थांबवायला करतात तसा, खांद्याच्या वर.

मी थांबलो नाही.

त्या फेरीचा आकडा अठ्ठावन्न. सत्तावीस वर्षांतला सगळ्यांत मोठा. दुसऱ्या दिवशी सुनावणीत उभा राहिलो तेव्हा ते कार्ड माझ्या छातीच्या खिशात होतं, आणि मॅनेजर मागच्या रांगेत. पण मॅनेजरला सगळा दोष देऊन सुटणार नाही. 'हो, दिसतात' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: मग काय करता? त्याचं उत्तर तुझ्यासमोर द्यायची माझी हिंमत नव्हती.

आपण नंतर ज्या-ज्या गोष्टींवरून भांडलो, कॉलेज, तुझा तो कॅनडाचा जावई होऊ घातलेला मुलगा, आईचं आजारपण, ती सगळी भांडणं या एकाच वाक्याची होती. तुला ते ठाऊक होतं आणि मलाही.

बुधवारी मी अर्जदार म्हणून उभा राहणार. त्यांच्या हातात सातवा परिच्छेद असेल. मी गप्प बसलो तर माझंच खोटं माझा अर्ज पाडणार. खरं बोललो तर खोटारड्याचा अर्ज म्हणून पडणार.

सपशेल घाबरलो आहे.

तुझा बाप


ब्रॅकनशॉ, १२ जानेवारी २०२३

ब्रायोनी,

रात्री झोप लागली. बऱ्याच वर्षांनी, गाढ. आता काल काय झालं ते ऐक.

तीच खोली. खुर्च्या बदलल्यात, चहा तसाच पांचट. बोलायला तीन मिनिटं मिळतात. पुढ्यात एक छोटा दिवा असतो, तो आधी हिरवा, मग पिवळा, मग लाल. ऑड्री पहिली बोलली. तिने वॉल्टरबद्दल सांगितलं, सरळ, कुठेही रडगाणं न गाता. बोलून झाल्यावर मला वाटलं, हिचा अर्ज मंजूर करा आणि मला घरी जाऊ द्या.

मग माझी पाळी. वाहतूक आणि पर्यावरण बघणाऱ्या नगरसेविका फर्नली बाई आहेत, शेतकऱ्याची लेक, चेहरा कडक. मी टोपीतल्या सोळा जणांची गोष्ट सांगितली, हसले सगळे. दिवा पिवळा झाला. आणि मी म्हणालो, "सातव्या परिच्छेदातला बसचालक मी आहे. मी तेव्हा खोटं बोललो."

दिवा लाल झाला. ब्रायोनी, चौतीस वर्षं मी लाल दिव्याला थांबलो. काल थांबलो नाही. मॅनेजर, पिवळा रेनकोट, अठ्ठावन्न, सगळं सांगितलं. शाहीनचा हात घंटेवर होता. तिने ती वाजवली नाही.

फर्नली बाईंनी चष्मा काढला. "मिस्टर बूथरॉइड, याच खोलीत तुम्ही एकदा खोटं बोललात म्हणता. मग आज खरं बोलताय कशावरून?"

मी बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला.

रस्ते विभागाचा तो अधिकारी, नऊ पानी अहवालवाला, उठून आला. त्याने एक कार्ड काढलं. मागून पाहिलं, पुढून पाहिलं. कंपनीचा शिक्का, तारीख, फेरीची वेळ. दुसरं काढलं. मग खाली बसला आणि एकेक काढतच राहिला. शेवटी म्हणाला, "मॅडम, सत्तावीस वर्षांची सलग मोजणी... आपल्याकडे या भागातल्या कशाचीच एवढी नोंद नाही. पावसाचीसुद्धा नाही." मग त्याने विचारलं, "तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

मी म्हणालो, "कोणी नाही. माझी मुलगी जिवंत असलेले मोजायची. उरलेले माझ्या वाट्याला यायचे."

फर्नली बाई कार्डांकडे बराच वेळ बघत होत्या. एका कार्डावर चहाचा डाग आहे, एकावर तुझ्या आईने दुधाचा हिशोब समजून रेघ ओढली आहे. त्या हळूच म्हणाल्या, "आणि तरी दर वर्षी येतच राहिले?" मी म्हटलं, "दर वर्षी." त्या परत म्हणाल्या, "आणि तरी." तळ्यातून निघालेले तळ्यात परत येतात, चाकं असोत नाहीतर नसोत. ते त्या खोलीतल्या सगळ्यांना त्या क्षणी दिसलं, मला शपथेवर सांगता येईल.

तेवढ्यात ऑड्री मागून ओरडली, "अहो, पण माझ्या वॉल्टरचं काय?"

निर्णय असा: सहा आठवडे, संध्याकाळी सहापासून, लेन सगळ्या वाहनांना बंद. फक्त ४१ नंबर जाईल, चालण्याच्या वेगाने, आणि बसच्या पुढे एक माणूस पायी चालेल, भेक उचलत. एका वर्षापुरतं करून बघायचं. "ज्यांनी दोन्ही अर्जांवर सह्या केल्या," फर्नली बाई म्हणाल्या, "त्या दोनशे सहा जणांचं म्हणणं मला वाटतं हेच असावं."

निघताना शाहीनला म्हटलं, २००२ च्या इतिवृत्तातलं ते वाक्य खोडून टाक.

"ते नाही खोडता येत, मिस्टर बूथरॉइड."

"अगं, पण ते खोटं आहे!"

"तुम्ही तसं बोललात, हे खरं आहे ना? मग नोंद बरोबर आहे." मग म्हणाली, "खाली नवीन मात्र लिहिता येतं."

तुझा बाप


ब्रॅकनशॉ, १२ मार्च २०२३

ब्रायोनी,

तुझं कार्ड परवा आलं. मागे नदीचं चित्र आहे, आणि तू दोनच ओळी लिहिल्यास: 'मादी बारा वर्षंही जगते. डोळा नसला तरी तिला तळ्याचा वास पुरतो.' सही नाही. सही कशाला हवी? तुझ्या 'ळ'ची ती आडमुठी गाठ मी कुठेही ओळखेन. कार्ड चहाच्या किटलीमागे उभं करून ठेवलंय.

ती आली. काल. उजवा डोळा नसलेली. बरीच जाड झाली आहे, पाठीवर एक पोरगेलासा नर घेऊन फिरतेय आणि त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

काल पहिली उबदार भुरभुर झाली. बसपुढे चालणारा माणूस मीच आहे. त्यासाठी नगरपालिकेने मला अर्ध्या दिवसाचं शिक्षण दिलं: बादली कशी उचलावी, कंबर कशी जपावी, रस्त्याच्या कडेने कसं चालावं. पिवळं जाकीट दिलं. तुझ्या रेनकोटसारखंच, फक्त पाठीवर नगरपालिकेचं नाव.

सात-दहाची बस वळणावर दिसली तेव्हा रस्ता भरला होता. मी मधोमध उभा राहिलो आणि हात केला, खांद्याच्या वर. मला खरंच वाटलं, थांबणार नाही. चालक नवीन मुलगी आहे, मला ओळखत नाही. बसला आधीच सात मिनिटं उशीर झाला होता. बस थांबली. तिने दिवे मंद केले आणि इंजिनही बंद केलं, ते तर तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मग ऐकू आलं. चौतीस वर्षं इंजिनाच्या मागे बसलो, मला ते माहीतच नव्हतं. ते बोलतात, ब्रायोनी. लहान लहान चिवचिव, पिल्लांसारखी, सगळ्या लेनभर. दार उघडून चालक खाली उतरली आणि पायरीवरच उभी राहिली. ऑड्री पुढच्या सीटवरून उठून तिच्यामागे आली. तिने बराच वेळ बघितलं. ऑड्री थॉर्प एक मिनिट गप्प होती, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

मग म्हणाली, "कुठे चाललेत रे हे एवढे?"

"घरी."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"आमचा वॉल्टरही सारखा तेच विचारतो," ती म्हणाली, "बस घरी जाते का म्हणून." आणि आपले चांगले बूट तसेच चिखलात घालून खाली उतरली, हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले आणि ओंजळ पुढे केली. "दे इकडे एक. मोठी दे."

मी तिला उजवा डोळा नसलेली दिली.

तळ्यापर्यंतच्या दोनशे पावलांना बसला तेवीस मिनिटं लागली. एकाही प्रवाशाने घड्याळ पाहिलं नाही. चारशे सदतीस जिवंत. मेलेला एकही नाही.

घरी येऊन तुझी वही काढली. तुझी शेवटची नोंद १३ मार्च २००२ची, त्यानंतर पानं कोरी. रकाने मात्र तू शेवटच्या पानापर्यंत आखून ठेवले होतेस. कालचा आकडा मी त्यांत लिहिला. शाई वेगळी आहे, ते माफ कर.

सोबत दोन कागद आहेत. एक शाहीनने पाठवलेलं इतिवृत्त, शिक्क्यासह: 'श्री. हेडली बूथरॉइड यांनी सांगितले की, १४ मार्च २००२ रोजी त्यांनी या सभागृहात केलेले विधान असत्य होते, आणि कुमारी ब्रायोनी बूथरॉइड यांची मोजणी बरोबर होती. नोंद घेण्यात आली.'

दुसरं, १३ मार्चचं ड्यूटी कार्ड. ते तुझंच आहे. मी एकवीस वर्षं उशिरा थांबतोय.

तुझा बाप